राजापूर मतदारसंघ कुठे गेला? लोकसभेचा निवडणूक-इतिहास लिहायला बसणाऱ्यांसाठी

राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ आज नाही. राजापूर तालुका आहे, राजापूर विधानसभा आहे, मनात येईल तेव्हा प्रकटणारी गंगा आहे. पण ज्या मतदारसंघाने बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांना दिल्लीला पाठवलं, तो 2008 च्या मतदारसंघ-पुनर्रचनेत संपला. त्याच्या जागी आलेल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गचा इतिहास लिहायला घेतला की काहीजण 2009 पासून सुरू करून चार ओळींत आटपतात. काहीजण 1957 पासून सुरू करतात आणि मधली सगळी भानगड 'पूर्वीचा राजापूर' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळतात. मी बरीच वर्षं जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर काढली. दर निवडणुकीला हीच दोन्ही प्रकारची कॉपी हातात यायची आणि दोन्हीवर लाल पेन चालवायला लागायचं.

आता पत्रकारितेची मुलं, एमए करणारे, कधी एखाद्या उमेदवाराचा सोशल मीडिया बघणारा पोरगा असे कोण कोण विचारायला येतात. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते. उदाहरण तळकोकणाचं आहे, कारण मला ते ठाऊक आहे. रीत कुठल्याही मतदारसंघाला लावा.

आधी जमीन धरा

पहिलं काम विजेत्यांची यादी करण्याचं नाही. आपण कुठल्या जमिनीचा इतिहास लिहितोय, ते आधी ठरवा. मतदारसंघाचं नाव टिकतं आणि हद्द बदलते. कधी हद्द बरीचशी तीच राहते आणि नाव जातं.

आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात सहा विधानसभा आहेत: चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी. यातल्या चिपळूण आणि रत्नागिरी 2004 पर्यंत 'रत्नागिरी' या वेगळ्या लोकसभा मतदारसंघात होत्या. तो मतदारसंघही 2008 ला मोडला आणि त्याचा दापोली-गुहागरकडचा भाग नव्या रायगड मतदारसंघात गेला. म्हणून तर अनंत गीते 2004 पर्यंत रत्नागिरीचे खासदार आणि 2009 ला रायगडचे. गीते हलले नाहीत, कागद हलला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. 1977 ते 2004 या काळात चिपळूणच्या मतदाराला मधु दंडवत्यांना किंवा सुरेश प्रभूंना मत देण्याची सोयच नव्हती. त्याचे खासदार होते बापूसाहेब परुळेकर, हुसेन दलवाई, गोविंदराव निकम आणि मग गीते. त्यामुळे 'रत्नागिरी-सिंधुदुर्गने दंडवत्यांना पाच वेळा निवडून दिलं' हे वाक्य निम्मंच खरं आहे. मी मुलांना दोन ओळी समांतर काढायला लावते, एक राजापूरची आणि एक जुन्या रत्नागिरीची. 2009 पाशी त्या अर्धवट जुळवायच्या. एकच सरळ रेघ ओढली की खोटं सुरू होतं.

मागे जाताना आणखी दोन सांधे लागतात. 1952 ला 'राजापूर' हे नाव नाही. 'रत्नागिरी दक्षिण' आहे आणि तिथून काँग्रेसचे मोरेश्वर जोशी निवडून आले. 'रत्नागिरी उत्तर'मधून आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले आले, तेही काँग्रेसचेच. राजापूर हे नाव 1957 ला येतं. पण या दोन्ही निवडणुका महाराष्ट्राच्या पानांवर शोधलात तर हाती काही लागणार नाही. 1952 ला आपण मुंबई राज्यात, 1957 ला द्वैभाषिक मुंबई राज्यात. महाराष्ट्र 1 मे 1960 चा. निवडणूक आयोगाचा अहवाल त्या त्या वेळच्या राज्याखाली आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याचंही तसंच. तो 1 मे 1981 ला झाला. त्याआधीची वर्तमानपत्रं चाळताना वेंगुर्ले-मालवणच्या बातम्या रत्नागिरी जिल्ह्याखालीच बघाव्या लागतात.

क्रमांकावर तर कधीच विसंबू नका. जुन्या यादीत मोजणी दक्षिणेकडून सुरू व्हायची, त्यामुळे राजापूर राज्यात क्रमांक 1. नव्या यादीत मोजणी नंदुरबारपासून सुरू होते आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गचा क्रमांक लागतो 46. कुणीतरी एक्सेलमध्ये क्रमांकावरून जुनं-नवं जोडतं आणि दंडवते नंदुरबारचे खासदार होतात. हसू नका, असं छापून आलेलं मी पाहिलं आहे.

कणा उभा करा

हद्दीचं भान आलं की विजेत्यांची ओळ पाच मिनिटांचं काम आहे. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर 1951-52 पासूनचे सांख्यिकी अहवाल मोफत आहेत. पहिल्या खंडात उमेदवारनिहाय मतं, दुसऱ्यात प्रत्येक मतदारसंघाचा एका पानाचा गोषवारा: मतदार किती, मतदान किती, बाद मतं, केंद्रं, किती जणांची अनामत जप्त, मताधिक्य. बरेचजण पहिला खंड उतरवतात आणि दुसरा उघडतच नाहीत. माझं प्रेम दुसऱ्या खंडावर.

राजापूरचा कणा असा: 1957, 1962 आणि 1967 नाथ पै. 1971, 1977, 1980, 1984 आणि 1989 मधु दंडवते. 1991 सुधीर सावंत, काँग्रेस. 1996, 1998, 1999 आणि 2004 सुरेश प्रभू, शिवसेना. पुढे नवा मतदारसंघ: 2009 निलेश राणे, काँग्रेस, 2014 आणि 2019 विनायक राऊत, शिवसेना, 2024 नारायण राणे, भाजप.

नाव आणि साल जुळलं की लगेच पुढे जाऊ नका, मधल्या रिकाम्या जागा बघा. नाथ पै 18 जानेवारी 1971 ला बेळगावात वारले, आदल्या दिवशी सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या स्मरणाला तिथे होते. विद्यार्थी लगेच विचारतात, 'पोटनिवडणूक कधी झाली?' झालीच नाही. लोकसभा 27 डिसेंबर 1970 लाच विसर्जित झाली होती आणि मार्चमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. म्हणजे दंडवते पोटनिवडणुकीतून आले नाहीत. ते उभे राहिले तेव्हा मतदारसंघ शोकात होता आणि देशात 'गरिबी हटाओ' चालू होतं. यादीत हे दिसत नाही. ते तारखांवरून काढावं लागतं.

आडनावांचाही घोळ सांगून ठेवते. 1980 च्या लोकसभेत दोन दंडवते आहेत. मधु दंडवते राजापूरचे आणि प्रमिला दंडवते मुंबई उत्तर मध्यच्या. शोधखिडकीत नुसतं आडनाव टाकलं की दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात. रोमन स्पेलिंगही दर अहवालात वेगळं असतं. कधी आडनाव आधी, कधी नाव. राणे हे नाव तर 2009 पासून सगळीकडेच भेटेल. वडील कुठे, मुलगा कुठे, विधानसभा कुठली आणि लोकसभा कुठली, हे प्रत्येक ठिकाणी पूर्ण नावाने लिहा.

पक्षाचा रकाना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आयोगाच्या अहवालातला पक्षाचा रकाना खरा असतो आणि तरीही फसवतो.

1957 घ्या. अहवालात नाथ पैंसमोर प्रजा समाजवादी आणि शेजारच्या रत्नागिरीत प्रेमजी आसर यांच्यासमोर जनसंघ. एवढंच वाचलं तर वाटेल, तळकोकण एकाच वेळी समाजवादीही झालं आणि जनसंघीही. प्रत्यक्षात दोघंही संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूचे. जनसंघाला त्या वर्षी सगळ्या देशात लोकसभेच्या चार जागा मिळाल्या, त्यातल्या दोन महाराष्ट्रातल्या, रत्नागिरी आणि धुळे. ही समितीची लाट होती. पण समिती हा आघाडीचा मंच होता, म्हणून रकान्यात ती दिसत नाही. तेव्हा पक्षाच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: 'कोणाबरोबर'. आघाडी, समिती, युती, पाठिंबा, सगळं तिथे. हा रकाना आयोग देत नाही. त्या महिन्यांची वर्तमानपत्रं चाळून तो आपणच भरायचा.

1977 चा सापळा जास्त गमतीचा. दंडवते जनता पक्षाचे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असायचं. अहवालात मात्र भारतीय लोकदल. जनता पक्षाची तेव्हा रीतसर नोंदणी झालेली नव्हती, म्हणून उमेदवार लोकदलाच्या चिन्हावर, चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर उभे राहिले. हे न कळल्याने 'दंडवत्यांनी 1971 ते 1980 मध्ये तीनदा पक्ष बदलला' असं एका प्रकल्पात वाचायला मिळालं होतं. प्रत्यक्षात प्रजा समाजवादी, मग जनता, पुढे जनता दल. माणूस एकाच रस्त्याने चालत होता, पाट्या बदलत गेल्या.

आता 2024. विनायक राऊत 2014 ला आणि 2019 ला शिवसेना, धनुष्यबाण. 2024 ला शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे), मशाल. नाव आणि धनुष्यबाण फेब्रुवारी 2023 मध्ये आयोगाने शिंदे गटाला दिलं. तुमच्या तक्त्यात 'शिवसेना 2019: विजयी, शिवसेना 2024: लढली नाही' असं आपोआप येईल. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आणि वाचकाच्या दृष्टीने निरर्थक. तळटीप नको, मजकुरातच दोन वाक्यं लिहा.

निलेश राणे यांचंही तसंच. 2009 आणि 2014 काँग्रेस, 2019 महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष. तक्त्यात काँग्रेसची मतं 2019 ला एकदम कोसळलेली दिसतील, कारण काँग्रेसचा उमेदवार वेगळा होता आणि राण्यांची मतं राण्यांबरोबर गेली होती. तळकोकणात पक्षाची मतं आणि माणसाची मतं वेगळी मोजावी लागतात, हे माझं ठाम मत आहे. इतरत्र कदाचित कमी, इथे नक्की.

आकडे बोलायला लागतात तेव्हा

विजयाचं अंतर बघून गोष्ट रचायची सवय सोडा. मी नेहमी हे उदाहरण देते. 2009 ला निलेश राणे यांना 3,53,915 आणि सुरेश प्रभूंना 3,07,165. राणे 46,750 ने आले. 2014 ला विनायक राऊत 4,93,088, निलेश राणे 3,43,037. राणे 1,50,051 ने पडले. मथळा काय होणार? 'राण्यांना मतदारांनी नाकारलं.'

पण मतं बघा. राण्यांची मतं पाच वर्षांत अकरा हजारांनीही कमी झाली नाहीत. समोरची मतं एक लाख पंच्याऐंशी हजारांवर वाढली. म्हणजे राण्यांचा माणूस बराचसा जागेवर राहिला. मतदान वाढलं आणि ती वाढ जवळपास सगळी सेनेच्या पारड्यात गेली. ही गोष्ट वेगळी आहे, आणि जास्त रंजक आहे. 2019 ला मात्र राण्यांची मतं खरोखर घसरली, 2,79,700 वर, राऊत 4,58,022. मग 2024 ला नारायण राणे 4,48,514 आणि राऊत 4,00,656. अंतर 47,858. युतीचा कोण माणूस कोणत्या बाजूला गेला, हे या चार ओळींतून निम्मं वाचता येतं. म्हणून माझा हट्ट: दर निवडणुकीत पहिल्या दोघांची प्रत्यक्ष मतं लिहा, नुसतं अंतर नको.

टक्केवारी काढताना खाली काय घेताय ते एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा, एकूण मतदान की वैध मतं. 2014 पासून लोकसभेला 'नोटा' आहे, तो कुठे धरायचा तेही. मतदानाची टक्केवारी 1984 आणि 1989 अशी सरळ जोडू नका. मधे मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं, मतदारयादीच फुगली. उमेदवारांच्या संख्येचंही तसंच. 1996 ला देशभर 13,952 उमेदवार, 1998 ला 4,750. लोकांचा निवडणुकीतला रस आटला असं कुणी लिहिलं तर त्याला विचारा, अनामत रक्कम 500 वरून 10,000 कधी झाली.

आमच्याकडची एक खास गोष्ट. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया आहेत, सिंधुदुर्गातही हजाराच्या वर. बाप्ये मुंबईला. स्त्री-मतदार आणि पुरुष-मतदारांचे आकडे दुसऱ्या खंडात वेगळे असतात; ते घेतल्याशिवाय इथला इतिहास लिहू नये. चाकरमानी मतदानाला गावी आले की नाही, यावर प्रत्येक निवडणुकीत चर्चा झडते. ती चर्चा आकड्यांत उतरवायची असेल तर मतदानाचा महिना लिहून ठेवा. 1980 ची निवडणूक जानेवारीत, 1984 ची डिसेंबरात, 2014, 2019 आणि 2024 च्या ऐन आंब्याच्या हंगामात. मे महिन्यात गावी आलेला माणूस आणि डिसेंबरात परळच्या चाळीत बसलेला माणूस एकच असला, तरी मतदार म्हणून एक नाही.

खाली गावापर्यंत जायचं असेल तर 'नमुना 20' शोधा, मतदान केंद्रनिहाय अंतिम निकालपत्रक. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अलीकडच्या निवडणुकांचे मिळतात. जुन्याच्या मागे फार लागू नका. कागदी मतपत्रिकांच्या काळात बऱ्याच निवडणुकांत मोजणीआधी पत्रिका मिसळल्या जात, कुठल्या गावाने कुणाला दिलं हे कळू नये म्हणून. तेव्हा 'आमच्या वाडीने 1984 ला एकगठ्ठा दंडवत्यांना दिली' हे कुणी सांगितलं तर ती आठवण आहे, पुरावा नाही.

माणसांना विचारताना

पण आठवणी घ्यायच्याच. फक्त साल विचारू नका, साल कुणालाच आठवत नाही. निशाणी विचारा.

'आमी सगळ्यांनी झोपडीक दिलेला' असं आजोबा म्हणाले की ते प्रजा समाजवादी पक्षाबद्दल बोलतायत, म्हणजे जास्तीत जास्त 1971. काँग्रेसची बैलजोडी म्हणाले तर 1967 किंवा आधी. गाय-वासरू म्हणजे 1971 किंवा 1977. हात म्हणजे 1980 पासून पुढे. नांगरवाला शेतकरी 1977, 1980 आणि 1984 तिन्हीला होता, तिथे दुसरा काहीतरी धागा लागेल. आणि कुणी म्हणालं की 'प्रत्येकाची वेगळी पेटी होती, कागद त्या पेटीत टाकायचा', तर 1952 किंवा 1957. शिक्का मारायची पद्धत 1962 पासूनची. बटण दाबलं म्हणजे 2004 किंवा पुढे, तेव्हा देशभर यंत्रं आली.

लोकसभा की विधानसभा, हे मात्र खोदून विचारा. 1957, 1962 आणि 1967 ला दोन्ही एकाच वेळी होत्या. आठवणीत त्या हमखास एकमेकींत मिसळलेल्या असतात. 1971 ला लोकसभा एकटी आली. 1999 ला महाराष्ट्रात पुन्हा दोन्ही एकत्र. तो गोंधळ आमच्या पिढीचाही आहे.

मत कुणाला दिलं हे विचारू नका. माणूस विजेत्याचं नाव सांगतो किंवा गप्प बसतो. सभा कुठे झाली, जीप कोणाची आली, गावात पक्षाचं काम कोण करायचं, मुंबईहून पत्र आलं होतं का, हे विचारा. मुंबईच्या पत्राचा विषय निघाला की म्हातारी माणसं खुलतात आणि सेनेचा तळकोकणातला प्रवेश कसा झाला, हे तुम्हाला कुठल्याही अहवालापेक्षा बरं समजतं.

कारणं लिहिताना हात आखडता

1971 ला महाराष्ट्रात 45 पैकी 42 जागा काँग्रेसने घेतल्या. प्रजा समाजवादी पक्षाला सगळ्या देशात जेमतेम दोन मिळाल्या, त्यातली एक राजापूर. 1984 ला इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत 48 पैकी 43 काँग्रेसच्या. राजापूर पुन्हा दंडवत्यांचं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लगेच लिहावंसं वाटतं, 'सुसंस्कृत मतदारसंघ'. आमच्याकडे हे वाक्य इतक्या वेळा छापलं गेलंय की ते आता मिरवणुकीतल्या अब्दागिरीसारखं झालंय. लिहू नका. 1991 ला त्याच मतदारांनी दंडवत्यांना घरी बसवलं, तेव्हा संस्कृती कुठे गेली होती?

त्यापेक्षा तपासता येतील असे प्रश्न घ्या. बाहेरचा उमेदवार चालत नाही म्हणतात. दंडवते अहमदनगरला जन्मलेले, मुंबईत पदार्थविज्ञान शिकवणारे, आणि पाच वेळा आले. मंत्रीपदाचा फायदा होतो म्हणतात. ते 1977 ला रेल्वेमंत्री झाले आणि 1980 ला जिंकले, डिसेंबर 1989 ला अर्थमंत्री झाले आणि 1991 ला हरले. कोकण रेल्वेने मतं दिली म्हणतात. महामंडळ 1990 चं, पूर्ण मार्ग सुरू झाला 1998 ला, तोवर खासदार सेनेचे होते. प्रत्येक ठिकाणी तारीख आधी, कारण मागून. तारखा जुळल्या तरी 'म्हणून' लिहायच्या आधी त्या निवडणुकीत तिसरा उमेदवार किती मतं घेऊन गेला, ते बघा. मतविभागणीने लागलेले निकाल नंतर विचारधारेच्या खात्यावर जमा होतात.

शेवटचं काम रटाळ आहे, पण आत्ताच करा. लोकसभेच्या जागांची संख्या गोठवलेली आहे ती 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. पुढे पुनर्रचना झाली की रत्नागिरी-सिंधुदुर्गचंही राजापूर होऊ शकतं. 2008 ला देवगड, मालवण, वेंगुर्ले ही विधानसभांची नावं गेली, तेव्हा जुने नकाशे कुणी जपून ठेवले नव्हते. आजचा पुनर्रचना आदेश, हद्दीचा नकाशा आणि 2009 पासूनचे सगळे नमुना 20 उतरवून घ्या, फाइलच्या नावात साल आणि मतदारसंघाचं पूर्ण नाव घाला, आणि एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात देऊन ठेवा.